दयेचा अधिकार आणि समतेचे तत्त्व



शिक्षा झालेल्या अपराध्यास क्षमा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ७२व्या कलमाने राष्ट्रपतींना आणि १६१व्या कलमाने राज्यपालांना दिला आहे. राजेशाहीत हा अधिकार राजाच्या मर्जीचा भाग होता. प्रजासत्ताकात मर्जीला स्थान नाही. तेथे राष्ट्रप्रमुखाच्या हातातील प्रत्येक सत्ता जनतेने विश्वासाने सोपविलेली असते. हा फरक व्यवहारात उतरला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

१९८१ साली त्याचे उत्तर निष्ठुरपणे मिळाले. उत्तर प्रदेशात चौघांच्या खुनाबद्दल तिघांना १९७५ साली देहदंड ठोठावण्यात आला होता. अपराधातील तिघांचा वाटा सारखाच होता. पण त्यांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायपीठांपुढे गेले. पहिल्याचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची शिक्षा १९७७ साली जन्मठेपेवर आली. तिसऱ्याचा अर्ज १९७८ साली फेटाळला गेला आणि राष्ट्रपतींनीही त्याला दया नाकारली. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिला फासावर गेला. तिसऱ्यासाठीही तोच दिवस ठरला होता; ऐनवेळच्या स्थगितीने तो बचावला. १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने त्याची शिक्षा सौम्य करावी, अशी शिफारस राष्ट्रपतींना केली. गेलेल्या माणसाला मात्र तिचा उपयोग नव्हता.

आता दुसरे चित्र पाहावे. नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांना मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांच्या आदेशाने तिची अंमलबजावणी थांबली. तो आदेश न्यायप्रविष्ट प्रकरणात टिकणारा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. शिक्षा १९६१ साली कायम झाली आणि १९६४ साली राज्यपालांनी ती माफ केली. उलट भूमय्या आणि किष्टा गौड या आंध्रातील दोन शेतकऱ्यांसाठी अनेकांनी दयेची मागणी करूनही आणीबाणीत, १ डिसेंबर १९७५ रोजी, त्यांना फाशी देण्यात आली. या अपराधांची तुलना करण्याचे येथे प्रयोजन नाही. राजभवनाचे दार कोणासाठी किती लवकर उघडते, एवढाच मुद्दा आहे.

मग हा अधिकारच रद्द करावा काय? मुळीच नाही. न्यायालयेही चुकतात. राजस्थानातील एका कैद्याला १९९६ साली फाशी झाली. त्याच्याविषयीचा निकाल आधीच्या घटनापीठाच्या निर्णयाकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता, हे सर्वोच्च न्यायालयानेच २००९ साली मान्य केले. अशा चुकीवर शेवटचा उपाय दयेचाच असतो. म्हणून अधिकार राहावा. त्याच्या वापरातील अंधार मात्र जावा.

राष्ट्रपती या बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, हे १९८० सालच्या मारू राम प्रकरणात स्पष्ट झाले आहे. म्हणजे निर्णय वस्तुतः गृहखात्यात होतो. जात, धर्म वा राजकीय निष्ठा पाहून दिलेली माफी न्यायालय रद्द करू शकते, हे २००६ साली ठरले. अवाजवी विलंब आणि काहींच्या बाबतीत मानसिक आजार या कारणांमुळे २०१४ साली पंधरा जणांचे देहदंड न्यायालयाने रद्द केले.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने एकाच प्रकरणातील दयेचे अर्ज एकत्र निकालात काढण्याची तरतूद केली, हे योग्यच झाले. परंतु त्याच ४७२व्या कलमाने कैद्याला अर्जासाठी तीस दिवसांची मुदत घातली, राष्ट्रपतींच्या निर्णयाला मात्र कोणतीच मुदत घातली नाही. शिवाय त्या निर्णयाची न्यायालयीन चौकशीही मना केली. दुर्बलावर कालमर्यादा आणि सत्तेला मोकळीक, हा न्याय उफराटा आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक कैद्याला अर्जासाठी सरकारी खर्चाने वकील मिळावा, निर्णय ठराविक मुदतीत व्हावा आणि दया दिली काय किंवा नाकारली काय, तिची कारणे जाहीर व्हावीत. ज्याच्यामागे वृत्तपत्र नाही, पक्ष नाही, पैसा नाही, त्याच्या अर्जाचा कागदही तितक्याच काळजीने वाचला गेला, याची खात्री नागरिकांना हवी. ती मिळेपर्यंत कायद्यापुढील समता तुरुंगाच्या दारापाशीच थांबलेली असेल.