जुन्या जीपचे पुढचे चाक का हलते?



शुक नदीला पूर आला आणि पाणी बाजारपेठेत शिरले, की आमच्या खारेपाटणात आधी दुकानातला माल माळ्यावर चढतो आणि मग गाड्या उंचावर जातात. एका पावसाळ्यात माझी जीप मागे राहिली आणि रात्रभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. सकाळी ती नेहमीप्रमाणे सुरू झाली, तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि गोष्ट विसरून गेलो. मोटार चालू झाली म्हणजे गाडी ठीक आहे, असे समजणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

पुढे गणपतीनंतर भुईबावड्याच्या घाटातून उतरताना एका खड्ड्यात चाक आपटले आणि स्टेअरिंग हातात असे थरथरू लागले की हात सुटतो की काय! मागे आमच्या शाळेतले दोघे शिक्षक बसले होते. वेग अगदी कमी केला तेव्हा थरथर थांबली. खाली येऊन गाडी एका गॅरेजात दिली. तिथे टायरॉडचे एंड बदलले, थरथर तशीच. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, "गुरुजी, अख्खा पुढचा अ‍ॅक्सलच जुन्या बाजारातून आणून बसवा." पैशाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

ही जीप म्हणजे ज्या जातीच्या गाड्या महिंद्र कंपनीने मुंबईत जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. पुढेही अखंड अ‍ॅक्सल, खाली पाटे, आणि अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे. त्या गोळ्यांवर चाक डावी-उजवीकडे वळते. ज्या खिळ्यांवर ते वळते त्यांना किंगपिन म्हणतात. त्यांना वर-खाली बेअरिंग असते. चाक फिरते ते मात्र हबमधल्या वेगळ्या बेअरिंगवर. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी परीक्षा त्यावर आहे.

आमच्या वाडीत उभा जन्म जीप चालवलेले एक वृद्ध ड्रायव्हर आहेत. त्यांनी पान्ह्याला हात लावण्यापूर्वी गाडी जमिनीवर उभी असतानाच मला स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला लावले आणि स्वतः खाली वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहिले. गाडीचे वजन चाकावर असताना जो सांधा आधी हलतो आणि दांडा नंतर हलतो, तो सांधा झिजलेला. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुशही त्यांनी असेच पाहिले. यू-बोल्ट ढिले असले तर अख्खा अ‍ॅक्सलच पाट्यावर सरकतो, आणि लोक टायरॉड बदलत बसतात.

मग जॅक लावला. इथे एक सांगतो. आपल्याकडे हाताशी असतो तो जांभा चिरा. चिऱ्यावर गाडी टेकवून कधीही खाली शिरू नका. चिरा दिसतो भक्कम, पण एका जागी भार आला की भुगा होतो. जाड लाकडी ओंडका घ्या आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण द्या. बऱ्याच जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले गेले की तो ब्रेक नावापुरता उरतो.

पुढचे चाक उचलून एक हात वर आणि एक हात खाली धरून हलवायचे, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात त्या जागी. चाक हलले, तर दोष हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? दोन्ही ठिकाणची ढिलाई हाताला सारखीच लागते. त्या वृद्धांनी माझ्या मुलाला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि चाक पुन्हा हलवले. "गुरुजी, बघितलात? ब्रेक दाबलो तरी हालताच. रोग बेअरिंगात नाय, किंगपिनात आसा."

शिक्षक बंधुभगिनींनी याचे कारण वर्गात जरूर सांगावे. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम आणि न फिरणारी ब्रेकची थाळी एकमेकांना आवळून धरतात. मधले हबचे बेअरिंग जणू खटल्यातून वगळले जाते. तरी चाक हलते, म्हणजे ढिलाई त्या थाळीच्याही आत, किंगपिनापाशी. आणि ब्रेक दाबताच हलणे थांबले, तर हबचे बेअरिंग आवळायचे: चाक जड होईपर्यंत नट कसून मग साधारण सहावा हिस्सा फेरा मागे घ्यायचा. अती आवळले तर पाच-सहा मैलांत हब हाताला चटका देतो. हात मधोमध डावी-उजवीकडे, म्हणजे तीन आणि नऊवर धरून चाक हलले आणि बारा-सहावर हलले नाही, तर मात्र टायरॉडकडे पाहावे.

माझ्या किंगपिनाखालच्या बेअरिंगमध्ये पुराचे पाणी जाऊन गंज धरला होता. बेअरिंग बदलली, पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांना गॅरेजात शिम म्हणतात, त्या कमी-जास्त करून ताण बसवला. तो ताण योग्य आहे की नाही हे स्प्रिंगच्या काट्याने मोजतात. काट्याने ओढून स्टेअरिंगचा हात किती वजनाला हलतो ते पाहायचे आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचे. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा आणला. मुले बघायला जमली होती, हे सांगायला नकोच.

आता पाण्याचे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी डिफरन्शियलचा खालचा बोल्ट किंचित ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते आधी ठिबकते. तेल दुधाळ असले तरी तेच समजावे आणि सगळे बदलावे. पण खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो ना, हे पाहून घ्या. तेल सांडून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागीच अडकते. माझी अडकली होती. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर बोटाला लावून वास घ्यावा. गियरचे तेल दाट आणि उग्र वासाचे. आतले सील गेले की ते गोळ्यात उतरते आणि पुढे ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते. ब्रेकचे तेल पातळ, आणि रंग उडवणारे. यातले कुठलेही ब्रेकच्या पट्ट्यांवर दिसले तर ती गाडी त्या दिवशी घाटात नेऊ नये.

एक शंका मला नेहमी विचारतात: फोर-व्हील टाकून वळताना स्टेअरिंग झटके का देते? डांबरी रस्त्यावर ते द्यायचेच. वळणात पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात आणि या जीपमध्ये तो फरक पोटात घालणारे साधन मधे नसते. दांडी निघत नसेल तर गाडी थोडी मागे घ्यावी, ताण सुटतो. पण चिखलात, भुसभुशीत जमिनीवरही वळताना कट्कट् असा आवाज आला, तर चाकाजवळचा क्रॉस तपासायला हवा. आमच्या शेजाऱ्यांनी मागचे दोन टायर नवे, पुढचे गुळगुळीत ठेवून फोर-व्हील टाकली होती आणि दोन दिवस क्रॉसला शिव्या दिल्या. टायर सारखे केले, आवाज गेला.

माझी जीप आता घाटातून येते-जाते. परवा पुन्हा नदीचे पाणी वाढू लागले, तेव्हा दुकानदारांच्या आधी मी किल्ली शोधत होतो.