रुग्णामागचे गाव

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. तरीही ‘आरोग्य धोरणाची पदव्युत्तर पदवी घेऊन पुढे काय?’ या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले. कारण हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना अधिक छळतो. मुलगी एम.बी.बी.एस. झाली, आता तिने एखादी विशेषज्ञता मिळवावी, स्वतःच्या नावाची पाटी लावावी, ही घरच्यांची अपेक्षा. आणि ती म्हणते, मला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे. ही पदवी घेऊन पाटीवर लिहायचे तरी काय, ही पालकांची चिंता मला मुळीच अनाठायी वाटत नाही.

उत्तरादाखल आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही एम.डी. झालेले. मोठ्या शहरात उत्तम व्यवसाय करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली.

त्या पदवीने त्यांना काय दिले? औषधांचे ज्ञान तर आधीच होते. नवी होती ती दृष्टी. दवाखान्यातील डॉक्टरला समोर बसलेला रुग्ण दिसतो. परंतु जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झोपडीतच दगावलेले मूल दवाखान्यात कधी येतच नाही. त्याचा केसपेपर निघत नाही. त्याची नोंद घ्यायची तर गावोगावचे जन्म-मृत्यू मोजावे लागतात. सर्चने तेच केले. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी महिलांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि त्या गावांची तुलना अन्य ४७ गावांशी करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे सोपवले. गावातील पुरावा धोरणापर्यंत पोहोचतो, तो असा.

अर्थात, प्रत्येक पदवीधर गडचिरोलीला जाणार नाही, आणि जाण्याची आवश्यकताही नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर जिल्हा पातळीवर कार्यक्रम व्यवस्थापकांची पदे निर्माण झाली. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, आरोग्य विमा योजना येथेही अशा माणसांची गरज असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९७ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला; मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीही तो रुजला. अर्थशास्त्र वा समाजकार्य शिकलेल्यांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यांतील बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. वर्गमित्र मोटारीतून फिरत असताना आपण एस.टी.ने तालुक्याला जात असतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : प्रत्यक्ष क्षेत्रकार्य किती आहे? संख्याशास्त्र गांभीर्याने शिकवतात का? मागील तुकड्यांचे विद्यार्थी आज कोठे काम करतात? उत्तरे समाधानकारक नसतील, तर केवळ पदवीच्या नावाला भुलू नका.

आणि पालकहो, मुलीने हा मार्ग निवडलाच, तर ‘दवाखाना कधी काढणार?’ असे तिला विचारू नका. ‘तुझ्या तालुक्यात यंदा किती बालके वाचली?’ असे विचारा. तिला उत्तर देता आले, तर तिचे शिक्षण कारणी लागले असे निःशंक समजा.