आणून सोडलेला साप

वनखात्याचे अधिकारी व कर्मचारी, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले सर्पमित्र बंधू-भगिनी, आणि आजचा लिलाव बुडवून इथे आलेले माझे गाववाले,

विंचूर नगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

स्वागताध्यक्षाने गावाचा इतिहास सांगावा आणि व्यवस्थेतल्या उणिवांची क्षमा मागावी, अशी आपल्याकडे प्रथा आहे. इतिहास थोडक्यात उरकतो. हे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे गाव. पानिपताहून जे परत आले, त्यांत ते होते. आज नाशिक-संभाजीनगर रस्त्यावरून जाणाऱ्याला विंचूर ठाऊक असते ते कांद्याच्या उपबाजारामुळे आणि वाइन पार्कमुळे. क्षमा मात्र जेवणानंतर मागेन. तोवर आमच्याबद्दलचे तुमचे मत तयार झालेले असेल.

परिषदेचा विषय ठरला आणि गावात पहिला प्रश्न आला, "परके साप? आपलेच काय कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चौघे आपल्या बांधावर आधीच हजर आहेत. बाहेरून येऊन ठाण मांडलेला आणि इथल्या पशुपक्ष्यांच्या मुळावर उठलेला एकही साप आज महाराष्ट्रात नाही. मग मंडप कशाला घातला? ज्यांच्याकडे असा साप आहे त्यांनी वेळीच मंडप घातला नाही, म्हणून.

प्रशांत महासागरात ग्वाम नावाचे बेट आहे. आकार साधारण 540 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्करी सामानातून तिथे तपकिरी रंगाचा एक झाडावरचा साप येऊन पोचला. बेटावरच्या पाखरांनी असा शत्रू कधी पाहिलेला नव्हता. रात्री घरट्यात शिरून अंडी-पिले खाणारा प्राणी असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हते. पक्षी नाहीसे होऊ लागले तेव्हा लोक म्हणाले रोग आला असेल, कीटकनाशकांमुळे झाले असेल. 1987 मध्ये ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने दाखवून दिले की हे सापाचे काम आहे. तोवर रानातले बहुतेक देशी पक्षी संपलेले होते. पाखरे गेली तसे कोळी वाढले. विजेच्या तारांवर साप चढून शहरे अंधारात जाऊ लागली. आता तिथे मेलेल्या उंदराच्या पिलात पॅरासिटामॉलची 80 मिलिग्रॅमची मात्रा भरून विमानातून जंगलावर टाकतात. आपण तापावर घेतो तेच औषध, पण त्या सापाला एवढ्यानेही मरण येते. विमानतळावर आणि बंदरावर प्रत्येक खोक्याचा वास घेणारी कुत्री आहेत. एवढे करूनही साप संपलेला नाही. कोको नावाचा तिथला न उडणारा पक्षी केवळ पिंजऱ्यात वाढवल्यामुळे वाचला.

फ्लोरिडाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. हौसेने पाळलेले बर्मी अजगर मोठे झाले, सांभाळवेनात, म्हणून लोकांनी दलदलीत सोडले. काही वादळात निसटले. 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांची जुनी-नवी मोजणी ताडून पाहिली, तेव्हा अजगर जिथे जुने झाले होते तिथे रॅकून 99 टक्क्यांनी कमी झालेले निघाले. आणि अजगर एकटा आला नाही. त्याच्या फुफ्फुसात राहणारा आशियाई परजीवी किडाही सोबत आला, आणि तो आता तिथल्या देशी सापांना मारतो आहे. ही दुसरी गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. ती पुढे लागणार आहे.

या अजगरांपुढे अमेरिकेचे शिकारी थकले तेव्हा, 2017 च्या जानेवारीत, त्यांनी बोलावले कुणाला? तामिळनाडूतल्या इरुळा समाजातल्या दोघांना, मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ते गेले आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांनी तेरा अजगर पकडले. गवतावरचा माग, विष्ठा, कातीचा तुकडा यांवरून ते जनावर हुडकतात. 2023 मध्ये त्या दोघांना पद्मश्री मिळाली. अनवाणी सर्पमित्राची कदर करायला आपल्याला फ्लोरिडाचे प्रशस्तिपत्र लागते, हे माझे वैयक्तिक मत समजा. पण त्या दोघांसारखी माणसेही फ्लोरिडातून अजगर हद्दपार करू शकली नाहीत, हेही तितकेच खरे.

"मग मुंगूस सोडा," असे आमच्या एका ज्येष्ठांनी बैठकीत सुचवले. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. जपानच्या अमामी बेटावर हाबू नावाच्या विषारी सापावर उतारा म्हणून 1979 मध्ये मुंगसे सोडली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. गाठ पडायची कशी? मुंगसांनी सापाचा नाद सोडला आणि तिथल्या दुर्मीळ सशावर ताव मारला. मग मुंगसे पकडण्यात दशके गेली. 2024 मध्ये कुठे ते बेट मुंगूसमुक्त जाहीर झाले.

आता आपल्याकडे येऊ. आपला वाळा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. कुंडी उचलली की खाली गांडुळासारखा वळवळतो, तोच. सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात. म्हणजे एक वाळा कुंडीच्या मातीतून कुठेही गेला की वसाहत सुरू. असाच तो कुंड्यांतून जगभर पोचला आहे. वाळा निरुपद्रवी आहे म्हणून कुणी ओरड केली नाही, पण वाट हीच. स्पेनच्या इबिझा बेटावर बागेच्या शोभेसाठी मोठमोठी ऑलिव्हची झाडे मुळांसकट नेली, त्यांच्या ढोलीतून साप गेले, आणि आज तिथली बेटावरचीच म्हणून ओळखली जाणारी पाल संकटात आहे. आपल्या भागातही रिसॉर्ट आणि फार्म हाऊस वाढले. झाडे वाढायची वाट बघायला कुणाला वेळ नाही. पंधरा फुटी झाड मातीच्या गोळ्यासकट ट्रकने येते. त्या गोळ्यात काय आहे हे कोण बघतो?

गोव्यात संशोधकांनी नागराजाच्या, म्हणजे किंग कोब्राच्या, 2002 ते 2024 मधल्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या काही रेल्वेमार्गालगत, नागराजाला न मानवणाऱ्या जागी निघाल्या. भक्ष्याच्या मागे साप मालडब्यात शिरत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. सिद्ध झालेले नाही. पण लासलगावातून कांद्याची रेक भरणाऱ्यांनी हा अंदाज हसण्यावारी नेऊ नये.

आणि मुंबई विमानतळ. 2023 च्या डिसेंबरात बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात खाऊच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. 2025 च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या एकाच्या बॅगेत चक्क विषारी व्हायपर सापडले, तेही चाळीसहून जास्त. सापडले ते हे. वन्यजीव कायद्यात 2022 ची दुरुस्ती झाली, तिने परक्या उपद्रवी जातींवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. 2024 च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारातले परदेशी प्राणी पाळणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. कायदा चांगला आहे. पण कंटाळा आल्यावर पाळीव साप तलावाकाठी सोडून देणारा माणूस पोर्टलवर सांगून सोडत नाही. लाल कानाची कासवे आपल्या शहरांतल्या तळ्यांत अशीच पोचली.

आता थोडे कडू बोलतो. पाहुण्यांना बोलावून कडू बोलू नये, पण तुम्ही घरचेच आहात.

दृश्य तुमच्या परिचयाचे आहे. कांदाचाळ. बाया कांद्याची निवड करत बसल्या आहेत, सडका एकीकडे, चिंगळी एकीकडे. चाळीच्या तळातल्या बांबूंमधून सात फुटी धामण सरकते. आरडाओरडा, फोन. आपला सर्पमित्र मोटारसायकलवरून स्टिक आणि पिशवी घेऊन येतो, दोन मिनिटांत धामण पिशवीत, चार फोटो, टाळ्या. मालक विचारतो, "भाऊ, सोडणार कुठं?" आणि भाऊ सांगतो, "नांदूरमध्यमेश्वरला. तिकडं पाणी आहे, पाखरं आहेत, मजेत राहील."

मजेत राहत नाही हो. त्या धामणीला या चाळीभोवतालचे प्रत्येक उंदराचे बीळ, प्रत्येक ओल ठाऊक होती. अनोळखी जागी ती आडोसा शोधत भटकते आणि रस्त्यावर चिरडली जाते, नाहीतर दुसऱ्याच्या घरात शिरते आणि पुन्हा फोन येतो. इकडे चाळीतले उंदीर कांद्यावर आणि बारदानावर हात मारायला मोकळे. आणि तिकडे? नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, गोदावरी-कादवेच्या संगमावरचे, आपल्याच निफाड तालुक्यातले. जलपर्णीने त्या पाण्याचा आधीच गळा धरला आहे. तीही कधीकाळी शोभेची वनस्पती म्हणूनच या देशात आणलेली. अशा ठिकाणी आपण गावोगावचे साप नेऊन ओतायचे? फ्लोरिडातल्या अजगराच्या फुफ्फुसातला किडा आठवा. आपल्या पिशवीतल्या सापाच्या अंगात काय आहे, हे आपल्यातल्या कुणी तपासले आहे?

कोरड्या माळावरचे फुरसे उचलून ओलिताच्या शिवारात सोडणारा आणि बँकॉकहून पुड्यात साप आणणारा, यांच्या हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला जीव वाचवतो, दुसरा धंदा करतो. फुरशाच्या दृष्टीने मात्र दोघांनीही त्याला परक्या मुलखात टाकले.

एका गैरसमजाला इथेच आळा घालतो. "परका साप दिसला की ठेचा" असा निरोप घेऊन कुणी बाहेर जाऊ नये. गावात ओळखू न येणारा प्रत्येक साप परकाच वाटतो. कवड्याला मण्यार समजून मारणारे आपणच. नाग, घोणस आणि धामणही आता कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अनोळखी साप दिसला तर फोटो काढा, अंतर राखा, वनखात्याला कळवा. मारायचा की ठेवायचा हे ज्याचे काम त्याला करू द्या.

या परिषदेकडून माझी मागणी छोटी आहे. प्रवेशद्वाराशी प्रत्येकाला एक वही दिली आहे, आमच्या बाजारातल्या हिशेबाच्या वहीसारखी लाल. त्यात साप कुठला, कुठे पकडला, किती वाजता, कुठे सोडला आणि दोन जागांमधले अंतर किती, एवढेच लिहायचे. अंतराचा रकाना शक्य तितका लहान आकडा दाखवील असे बघा. जिथे पकडला त्याच शिवारात, वस्तीपासून थोडे बाजूला, वनखात्याला कळवून सोडा. महिन्याच्या शेवटी वहीची प्रत आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. एखाद्या पानावर आपल्याकडे न आढळणारा साप नोंदला गेला, तर तो पहिलाच असताना कळेल. ग्वामला कळले तेव्हा पाखरे उरली नव्हती.

वही कोरी परत आणू नका, एवढी विनंती करतो.