चूक कोणाची आणि जीव कोणाचा?

(मंडळाच्या कामोठे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदा मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना विषय विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, विषय आपणच निवडा, मात्र तो मुलांच्या उपयोगी पडेल असा असावा." मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेला. यंत्रविद्येशी माझा संबंध नाही आणि मोटारसायकल तर मी आयुष्यात कधी चालविली नाही. मी केवळ मागे बसलो. तथापि मागे बसणाराचेही काही कर्तव्य असते आणि ते मी बजावले नाही, ही टोचणी कित्येक महिने माझ्या मनाला लागून राहिली आहे. म्हणून आज मोटारसायकलविषयीच बोलावयाचे मी ठरविले.

गेल्या संमेलनात ज्या तरुणाने स्वयंसेवकाचा बिल्ला लावून आपणां सर्वांच्या पंक्तीत वाढप केले, तो आज आपल्यात नाही. त्याचे नाव मी घेत नाही. ते आपणां सर्वांच्या ओठांवर आहेच. तो माझा विद्यार्थी होता. गेल्या श्रावणात तळोज्याच्या एका कारखान्यातील रात्रपाळी आटोपून तो पहाटे घरी परतत होता. चौकात त्याच्या बाजूचा दिवा हिरवा होता. समोरून येणारा टेम्पो एकाएकी उजवीकडे वळला आणि त्याच्या आडवा आला. टेम्पोचालक पोलिसांना एवढेच सांगू शकला, "मला तो दिसलाच नाही." मुलाजवळ शिरस्त्राण, ज्याला आपण हेल्मेट म्हणतो, ते होते, पण ते गाडीच्या आरशाला अडकविलेले होते.

सांत्वनासाठी येणारा प्रत्येक जण त्या मातापित्यांना एकच वाक्य सांगे, "चूक त्याची नव्हती हो." मीही तेच सांगितले. त्यावर ती माउली मला म्हणाली, "गुरुजी, चूक त्याची नव्हती, मग तो का नाही?" चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा मी, त्या प्रश्नापुढे मान खाली घालून बसलो. आज जे सांगणार आहे ते त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, माझ्या अल्पमतीने शोधलेले उत्तर होय.

उत्तर असे आहे की, चूक कोणाची हा प्रश्न पोलिसांच्या पंचनाम्याचा आणि न्यायालयाचा आहे. तो अपघातानंतरचा प्रश्न आहे. अपघातापूर्वी, गाडीवर बसलेल्या माणसाने स्वतःस विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. तो म्हणजे, "या क्षणी समोरचा चुकला, तर मी वाचेन काय?" दुसरा चुकणार हे आधीच गृहीत धरून गाडी हाकावयाची, या पद्धतीस जाणते लोक डिफेन्सिव्ह रायडिंग म्हणतात. आपण तिला सावध स्वारी म्हणू. दुसरा चुकतो, हे कामोठेकरांना मुद्दाम सांगावयास नको. २०१९ च्या जुलै महिन्यात येथेच एका भरधाव मोटारीने वाहनांना आणि माणसांना धडक दिली व दोन जीव गेले. त्यांत एक सात वर्षांचा बालक होता. त्या बालकाने कोणता नियम मोडला होता?

"मला तो दिसलाच नाही" हे उद्गार खोटे असतात असे नव्हे. बहुधा ते खरेच असतात, आणि तेच भयंकर आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनी मोटारसायकलींच्या नऊशे अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन छाननी केली आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने दुचाकीस्वाराचा हक्काचा मार्ग अडविला होता. कारण हेच, की त्याला दुचाकी दिसली नाही किंवा फार उशिरा दिसली. माणसाची नजर मोठी वस्तू शोधते. ट्रक, बस, मोटार तिला दिसते, आणि अरुंद दुचाकी समोर असूनही नजरेतून सुटते. त्याच अहवालात असेही आढळले की, बहुतेक स्वार गाडी स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्या मुलांचे निराळे काय आहे? थोरल्या भावाने मैदानात दोन फेऱ्या मारून घेतल्या की आमचा मुलगा महामार्गावर जाण्यास पात्र ठरतो!

१ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप पेटता राहतो. प्रारंभी रस्त्याने जाणारे लोक हाताची बोटे उघडमीट करून "दिवा चालू आहे" अशी खूण करीत. मीही एकदा एका मुलाला हाक मारून तसे सांगितले होते. तो दिवा रस्ता दिसावा म्हणून नसून आपण दुसऱ्यास दिसावे म्हणून असतो, हे मला मागाहून समजले.

आता आपल्या परिसराकडे पाहा. एका अंगास शीव-पनवेल महामार्ग. पलीकडे कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे-येणारे कंटेनर. तळोज्याच्या कारखान्यांची वाहतूक. अशा अवजड गाड्यांच्या मधून आपली मुले रोज कामास जातात. त्यांनी एक खूणगाठ बांधावी. ट्रेलरच्या आरशात त्याच्या चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. लांब गाडी डावीकडे वळू लागली की तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून, कडेला चाटून जातात. म्हणून वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या बाजूस, त्याच्या आणि पदपथाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, शिरणे म्हणजे आपण होऊन चाकाखाली जाणे होय. चौकात दिवा हिरवा असला तरी वेग कमी करावा, बोटे ब्रेकवर असावीत, आणि समोरून वळू पाहणाऱ्या गाडीचे पुढचे चाक कोणीकडे वळते आहे ते पाहावे. चालकाचा चेहरा फसवील, चाक फसवीत नाही.

मी गणिताचा शिक्षक. थोडे गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदास जवळजवळ १७ मीटर जाते. संकट डोळ्यांना दिसले, बुद्धीला कळले आणि हातापायांनी ब्रेक दाबला, यात सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे दीड सेकंदात २५ मीटर, आमच्या शाळेच्या तीन वर्गखोल्या ओळीने ओलांडल्यावर, ब्रेक लागण्यास नुसता आरंभ होतो! शिवाय वेग चाळीसाचा साठ केला की वेग दीडपट होतो, परंतु धडकेतील शक्ती वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पट वाढते. कामोठ्याहून तळोज्यापर्यंत असे धावून वाचतात ती चार-पाच मिनिटे. चार मिनिटांसाठी एवढे मोठे व्याज कोणता शहाणा सावकार देईल?

यास्तव पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. ते मोजण्यास घड्याळ नको. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात सावकाश "बे एके बे, बे दुणे चार" म्हणावे. ते पुरे होण्याच्या आत आपण खांबाशी आलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात हाच पाढा "बे चोक आठ" पर्यंत न्यावा. पहिल्या सरीने रस्त्यावर सांडलेले तेल आणि धूळ एकत्र होऊन रस्ता साबणासारखा निसरडा होतो. त्या दिवशी घाई करणे म्हणजे केवळ अविचार. "पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते" असा एक समज आपल्याकडे आहे. तो अर्धवट आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, हिसका न देता, दाब वाढवीत लावावेत; आणि हे मोकळ्या मैदानात घोटून घ्यावे. संकटाच्या क्षणी माणसास ज्ञान आठवत नाही, सवय आठवते.

आता हेल्मेटविषयी, आणि येथे मला माझा अपराध सांगावयाचा आहे. मानसरोवर स्थानकावर मी उतरलो आणि तो मुलगा तेथे दिसला, की तो मला गाडीवर बसवून घरी पोहोचवीत असे. हेल्मेट एकच. तो ते डोक्यावरून काढी आणि म्हणे, "गुरुजी, आपण नुसत्या टोपीवर बसणार आणि मी हेल्मेट घालून पुढे बसू, हे बरे दिसत नाही." माझी टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून मी ती एका हाताने धरून बसे, आणि घरी आल्यावर त्याच्या विनयाचे कौतुक करी. चारचौघांत मी म्हणत असे, "याला म्हणतात संस्कार!" बंधूंनो, तो संस्कार नव्हता. हेल्मेट काढून ठेवण्याची सवय त्याला माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांनीच लावली. "बाळ, ते घाल, आणि उद्यापासून माझ्यासाठी दुसरे आण, नाहीतर मी पायी जातो," एवढे मला म्हणता आले असते. मी म्हटले नाही.

मागे बसणारा सुरक्षित असतो, ही समजूत किती घातक आहे पाहा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ जीव गेले, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७ होते. मुंबईतील भाजीविक्रेते श्री. दादाराव बिल्होरे यांची हकिकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. २०१५ च्या जुलैत पावसाने भरलेल्या एका खड्ड्यात दुचाकी आदळली. चालविणाऱ्या नातलगाच्या डोक्यावर हेल्मेट होते, तो वाचला. मागे बसलेला बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. तेव्हापासून हा पिता स्वतःच्या हातांनी मुंबईच्या रस्त्यांवरील खड्डे बुजवीत आला आहे. शेकडो खड्डे त्याने बुजविले. आपले दुःख त्याने दुसऱ्याच्या मुलांच्या कामी लावले.

असेच इंग्लंडात घडले. अरबस्तानातील लढायांमुळे प्रसिद्धीस आलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून मरण पावला. सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांना चुकविताना त्याची गाडी कोसळली होती. त्याला तपासणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्यास तो मृत्यू विसरता आला नाही. त्याने दुचाकीस्वारांच्या मस्तकाच्या जखमांचा अभ्यास मांडला आणि १९४१ साली शिरस्त्राणाची उपयुक्तता दाखवून दिली. आपल्या पुण्यात मात्र २०१९ च्या आरंभी हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघाले! गरम होते, केस गळतात, ऐकू येत नाही, ही कारणे मीही ऐकली आहेत. परंतु कवटीच्या आत पुन्हा दुरुस्ती करता येण्याजोगे फारसे काही नसते, हे त्या मोर्चेकऱ्यांस कोणी सांगावे?

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे. रस्त्याच्या कडेला मिळणारी पोकळ टोपी केवळ दंड चुकविते. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. न आवळलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते. आतील थर एकदाच दबून धक्का सोसतो. म्हणून एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आणि कोठे अपघात झालेला दिसला, तर मोबाईलवर चित्रे घेत उभे राहू नका. १०८ क्रमांकास कळवा. मदत करणाऱ्यास पोलिसी चौकशीचा जाच होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण दिले आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांस विनंती. मुलगा बारावी झाला की त्यास मोटारसायकल घेऊन द्यावयाची, हा आपल्यात रिवाजच झाला आहे. या मुलाच्या सत्काराच्या वेळी "वडिलांनी यशाचे चीज केले" असे व्यासपीठावरून मीच म्हणालो होतो. गाडी द्या, पण वय झाल्यावर, परवान्यासह, आणि दोन हेल्मेटांसह द्या. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि भगिनींनो, मुलगा वाटेत असताना "कुठे आहेस? लवकर ये," असा फोन करू नका. तो प्रेमाचा फोन असतो. परंतु तो घेण्यासाठी तो एक हात सोडतो.

मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. गुणगौरव समारंभात शालीऐवजी प्रत्येक विद्यार्थ्यास एक चांगले हेल्मेट द्यावे. मंडळाच्या मिरवणुकीत आणि आपल्या घरच्या वरातीत उघड्या डोक्याने दुचाकी हाकणाऱ्यास स्थान देऊ नये, मग तो अध्यक्षांचा पुत्र का असेना. आणि दरवर्षी मृगापूर्वी एक रविवार परिवहन खात्याच्या जाणकारास बोलावून मैदानात मुलांकडून ब्रेकचा सराव करून घ्यावा. या सूचना मान्य झाल्यास पहिल्या दहा हेल्मेटांचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून देण्याची मला परवानगी असावी.

मी आता एक हेल्मेट विकत घेतले आहे. स्थानकावर कोणी मला "गुरुजी, बसा" म्हणाला, तर ते माझ्या पिशवीत असते. त्याच्या डोक्यावर नसेल, तर मी बसत नाही. हे मी एक वर्ष आधी केले असते, तर कदाचित आज त्या माउलीपुढे मला मान वर करून उभे राहता आले असते. आपल्यावर तशी वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण संपवितो.

— एक निवृत्त शिक्षक, कामोठे