स्वयंसेवकाचें गाऱ्हाणें

पगारी नोकराला संस्था निदान महिन्याच्या पहिल्या तारखेस तरी ओळखते. स्वयंसेवकाच्या वांट्याला ती तारीख कधींच येत नाहीं. वाचनालयाच्या कपाटांतील धूळ झाडणारा, उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब लिहिणारी, पुराच्या वेळीं रात्रभर भाकऱ्यांचे गठ्ठे वाहणारा, व्याख्यानमालेच्या खुर्च्या उचलून सर्वांच्या शेवटीं घरीं जाणारा, ही सारी मंडळी कोणत्याही पगारपत्रकांत नसतात. त्यांना मोबदला मिळतो तो एकाच नाण्यांत, आणि तें नाणें म्हणजे वागणूक. ती न्यायाची असली तर माणूस वीस वीस वर्षें आनंदानें राबतो. तें नाणें खोटें निघालें तर मात्र त्याच्यापाशीं दुसरें कांहीं उरत नाहीं.

उदाहरणादाखल एक साधा प्रसंग कल्पावा. वर्गणीच्या हिशेबांत चारशें रुपयांची तूट निघते. पावतीपुस्तकें सांभाळणाऱ्या मुलीला कोणी कांहीं विचारीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तीं पुस्तकें मुकाट्यानें दुसऱ्याच्या हातीं जातात, एवढेंच. ती आली कीं बोलणीं थांबतात. आठ दिवसांनीं हरवलेली पावती चिटणिसांच्याच फाइलींत सांपडते. ती सांपडल्याचें मुलीला कळविलें जात नाहीं; कारण तिच्यावर उघड आरोप असा कोणीं केलाच नव्हता, मग खुलासा कसला करावयाचा? पुढच्या वर्षीं ती मुलगी कामाला येत नाहीं. आणि वार्षिक अहवालांत एक वाक्य पडतें, कीं अलीकडे तरुण पिढींत सेवावृत्ति उरलेली नाहीं.

या प्रसंगांत दुष्ट असें कोणीच नाहीं. चिटणीस सज्जन आहेत, मंडळी कामसू आहेत. उणीव आहे ती एका रीतीची. नोकर अन्याय झाला तर भांडतो, कारण त्याची भाकरी तेथें अडकलेली असते. स्वयंसेवक भांडत नाहीं. तो यावयाचा थांबतो. त्याचा राजीनामा कोणत्याही फाइलींत लागत नाहीं, म्हणून संस्थेला आपलें काय गेलें हें कळतही नाहीं. ‘हें तर घरचें कार्य, येथें नियम कशाला?’ असें पुष्कळ ठिकाणीं मोठ्या अभिमानानें म्हटलें जातें. वस्तुतः जेथें वेतन नाहीं, तेथेंच नियमाची गरज अधिक.

स्वयंसेवकांच्या वर्तणुकीची चर्चा या देशांत जुनी आहे. १९०१ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. अध्यक्ष दिनशा वाच्छा होते. दक्षिण आफ्रिकेहून नुकतेच परतलेले बत्तीस वर्षांचे मोहनदास गांधी त्या अधिवेशनास गेले होते व त्यांची उतरण्याची सोय रिपन कॉलेजांत झाली होती. तेथें जें दिसलें तें त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. एका स्वयंसेवकाला काम सांगावें तर तो तें दुसऱ्यावर सोंपवी, दुसरा तिसऱ्यावर. आणि काम जेथल्या तेथें राही. शौचकूप थोडे आणि घाण बेसुमार. ती दाखवून देतांच, हें आमचें काम नव्हे, सफाईवाल्याचें आहे, असें उत्तर मिळालें. गांधींनीं झाडू मिळविला व आपल्यापुरती जागा स्वतः स्वच्छ केली. मग ते कचेरींत जाऊन काम मागूं लागले. चिटणीस घोषालबाबू यांनीं उत्तरें द्यावयाच्या पत्रांचा ढीग त्यांच्यापुढें टाकला, आणि तो त्यांनीं पाहतां पाहतां उरकला.

या हकीकतींतील झाडू सर्वांना आठवतो. तिच्यांतील निष्कर्ष मात्र सहसा विसरला जातो. गांधींनीं त्या तरुणांना आळशी म्हणून विषय संपविला नाहीं. सभा वर्षांतून तीन दिवस भरते आणि मग झोंपी जाते. एवढ्यांत त्या मुलांना शिक्षण तें कसलें मिळणार, असें त्यांनीं विचारलें. म्हणजे दोष त्यांनीं मुलांच्या पदरांत न घालतां व्यवस्थेच्या पदरांत घातला. सेवेची इच्छा माणूस घरून आणतो. सेवेची रीत त्याला संस्थेनें द्यावयाची असते. ही गोष्ट राष्ट्रीय सभेच्या व्यवहारांत उतरावयास बराच काळ लागला. १९२३ सालीं काकिनाडा अधिवेशनाच्या वेळीं डॉक्टर ना. सु. हर्डीकर यांच्या पुढाकारानें स्वयंसेवकांना शिस्तशीर शिक्षण देणारी संघटना उभी राहिली. तीच पुढें हिंदुस्थानी सेवा दल या नांवानें ओळखली गेली.

मधल्या काळांत पुण्यानें दुसरी एक वाट दाखविली होती. १९०५ च्या जून महिन्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासद होणाऱ्यास सात शपथा घ्याव्या लागत. देश प्रथम मानावा, जातिधर्माचा भेद न करतां सर्व देशबांधवांस भाऊ समजावें, पैसा मिळविण्याच्या मागें लागूं नये, अशा थोर शपथांच्या पंक्तींत एक अगदीं साधी शपथ बसलेली आहे, ती ही, कीं सभासद कोणाशींही वैयक्तिक भांडण करणार नाहीं. सार्वजनिक कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही या शपथेचें मोल समजावून सांगावें लागत नाहीं. किती संस्था तत्त्वाच्या मतभेदानें मोडल्या आणि किती खुर्चीच्या क्रमावरून मोडल्या, याचा हिशेब कोणी मांडला तर दुसरा आंकडाच मोठा भरेल.

परंतु येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. भांडण निराळें आणि गाऱ्हाणें निराळें. गोखल्यांची शपथ भांडणास मनाई करते, गाऱ्हाण्यास नव्हे. किंबहुना ज्या संस्थेंत गाऱ्हाणें सांगावयास जागा नसते, तेथेंच त्याचें भांडण होतें. वाफेला तोंड ठेवलें नाहीं तर झांकण उडावयाचेंच. मग गाऱ्हाणें सांगावें कोठें, केव्हां आणि कोणापुढें? याचें उत्तर शोधावयास महाराष्ट्राला फार दूर जावें लागत नाहीं. तें आषाढाच्या वाटेवर दरवर्षीं डोळ्यांसमोरून जातें.

आळंदीहून पंढरपुरास जाणारा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आजच्या शिस्तींत आणला. लाखों माणसें दोन आठवड्यांहून अधिक दिवस चालतात आणि तीं सारीं आपण होऊन आलेलीं असतात. कोणी कोणाचा नोकर नाहीं. तरीही प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, दिंडींत पताकावाल्यांची, टाळकऱ्यांची, मृदंगियाची, विणेकऱ्याची जागा ठरलेली. एकमेकांना हांक मारावयाची ती ‘माउली’ अशी. आणि वडीलधाऱ्यानें धाकट्याच्या पायांस हात लावला तरी कोणाला त्यांत नवल वाटत नाहीं. वर्तनाचा नियम हांकेंतच गोंवून ठेवलेला आहे.

या सोहळ्यांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट संध्याकाळीं घडते. पालखी तळावर पोंचली कीं सर्व दिंड्या तिच्याभोंवतीं उभ्या राहतात आणि समाज आरतीची वेळ होते. हजारों टाळ वाजत असतात. चोपदार आपला दंड उंच करतात आणि एका क्षणांत सारा तळ शांत होतो. पण एखाद्या दिंडीचें कांहीं गाऱ्हाणें असलें तर ती दिंडी शांत होत नाहीं. तिचे टाळ वाजतच राहतात. त्या शांततेंत तो आवाज लपत नाहीं. चोपदार त्या दिंडीपाशीं जातात, काय झालें तें विचारतात. वाटेंत क्रम मोडला असेल, तळावर गैरसोय झाली असेल. जें असेल तें ऐकून घेतलें जातें, सोहळ्याच्या प्रमुखांपर्यंत पोंचविलें जातें, त्याचा निवाडा होतो. समाधान झालें कीं त्या दिंडीचे टाळ थांबतात. मग हरवल्या-सांपडल्या वस्तु पुकारल्या जातात, उद्यां निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते.

हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं गाऱ्हाणें, मग आरती. एका दिंडीचें समाधान होईपर्यंत सारा समाज थांबतो आणि देवाची आरतीही थांबते. ज्याच्यासाठीं एवढी वाट चालली, त्याच्यापुढें मनांत अढी घेऊन उभें राहूं नये, असा त्यांतील भाव. यांत न्यायाचीं तीन अंगें सांपडतात. गाऱ्हाणें त्याच दिवशीं निघतें, त्यामुळें तें सडत नाहीं. तें एकट्याला सांगावें लागत नाहीं. त्याची सबंध दिंडी त्याच्यासाठीं टाळ वाजविते. आणि टाळ वाजविणाऱ्याला कोणी बंडखोर म्हणत नाहीं. तें वाजविणें शिस्तीचाच भाग मानलें जातें. आपल्याकडील किती मंडळांत तक्रार करणारा शिस्तप्रिय ठरतो?

तथापि या रीतीचें कौतुक करतांना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. टाळ वाजवितां येतो तो रिंगणाच्या आंत असलेल्याला. इरावती कर्वे यांनीं ‘वाटचाल’ या लेखांत वारीचें वर्णन केलें आहे. एकाच दिंडींत ब्राह्मण व मराठे भजन एकत्र करीत, पण जेवावयास निरनिराळे बसत, हें त्यांच्या मनाला लागलें. ज्या चोखोबांचे अभंग वारकरी गातात, त्यांची समाधि पंढरीच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. आणि त्यांच्या समाजाला शतकानुशतकें तें दार ओलांडण्याची मनाई होती. त्यांच्या गाऱ्हाण्यासाठीं आरती थांबली नाहीं. शेवटीं साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत उपोषण आरंभिलें. तें १० मे रोजीं सुटलें आणि विठ्ठलाचें दार सर्वांना मोकळें होण्याचा मार्ग खुला झाला. म्हणून कोणत्याही संस्थेनें आपले नियम किती चांगले आहेत हें पाहण्यापूर्वीं, ते कोणाला लागू आहेत हें पाहावें. झाडणाऱ्या बाईला, परगांवाहून आलेल्या विद्यार्थ्याला, भाषा धडपणें न येणाऱ्या नवख्याला तेथें टाळ वाजवितां येतो काय?

दुसरीही एक मर्यादा आहे. कांहीं गाऱ्हाणीं चारचौघांत सांगण्याजोगीं नसतात. तीं उघडीं करणें ही दुसरी इजाच ठरते. स्त्री-स्वयंसेविकेला सहकाऱ्याच्या किंवा पदाधिकाऱ्याच्या अभद्र वर्तनाचा त्रास झाला तर तिनें सभेंत उभें राहून बोलावें, ही अपेक्षाच क्रूर आहे. या बाबतींत संस्थेच्या मर्जीवर कांहीं ठेवलेलें नाहीं. कामाच्या ठिकाणीं महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळासंबंधींचा २०१३ चा कायदा वेतन न घेतां स्वेच्छेनें काम करणाऱ्या स्त्रीलाही कर्मचारीच मानतो. जेथें दहा किंवा अधिक माणसें काम करतात, तेथें अंतर्गत समिति नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्षा स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्या, आणि एक सभासद बाहेरचा असावा. त्याहून लहान संस्थेसाठीं जिल्ह्याची स्थानिक समिति आहे. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आंत करावयाची आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावयाची. नांवें प्रसिद्ध करण्यास कायद्यानें मनाई आहे. ‘आमच्या मंडळांत सारीं घरचींच माणसें’ हें वाक्य या कायद्यापुढें उत्तर म्हणून चालत नाहीं.

आतां राहिला रोजच्या लहानसहान कामांचा प्रश्न. त्यासाठीं जाडजूड घटना नको. एका पानाची रीत पुरे. काम नेमकें कोणतें आणि तें किती वेळाचें, हें आरंभींच सांगावें. पदरचा खर्च झाला असेल तर तो न मागतां परत करावा. पैशाच्या कामावर नेहमीं दोघे असावे. त्यांत अविश्वास नसून एकट्याच्या अब्रूचें रक्षण असतें. कोणावर संशय आला तर पहिला प्रश्न त्यालाच विचारावा. त्याचें ऐकण्यापूर्वीं त्याच्या हातचें काम काढून घेऊं नये. गाऱ्हाणें ऐकण्यासाठीं दोन व्यक्तींचीं नांवें फलकावर लिहावीं, आणि त्यांपैकीं एक तरी पदाधिकारी नसावी. निकाल दोन्ही पक्षांना कळवावा. आणि संशय खोटा ठरला, तर जेथें तो पसरला तेथेंच तो मागें घ्यावा. कुजबूज चारचौघांत झाली असतां क्षमा मात्र जिन्याखालीं मागूं नये.

स्वयंसेवकाचीही बाजू तितकीच आहे. घेतलेलें काम दुसऱ्यावर ढकलूं नये. जमत नसेल तर वेळीं सांगावें. छातीवरच्या बिल्ल्याचा उपयोग स्वतःसाठीं पुढची जागा मिळविण्याकडे करूं नये. मदत घेणाऱ्याशीं बोलतांना आपण उपकार करीत आहों असा सूर लागूं देऊं नये. झाडू हातीं घ्यावयास कमीपणा मानूं नये. हे नियम अध्यक्षालाही लागू असले, तरच ते नियम. एरवीं तीं केवळ धाकट्यांना केलेलीं फर्मानें.

चारशें रुपयांची ती पावती सांपडली, त्या संध्याकाळीं चिटणिसांनीं मंडळींसमोर एवढेंच म्हटलें असतें, कीं पावती आमच्याकडे होती, चूक आमची झाली, तर त्यांना दोन मिनिटें संकोच वाटला असता. तीं दोन मिनिटें वांचलीं आणि एक माणूस गेला. ज्या संस्थेला आपली आरती तेवढा वेळ थांबविणें जमतें, तिला स्वयंसेवकांची वाण पडत नाहीं.