परत येणारा कपडा



लग्नासाठी शेरवानी भाड्याने आणणं आपल्याला नवीन नाही. दुकानदार अनामत घेतो, वहीत तारीख लिहितो आणि कपडा परत आला की आधी डाग शोधतो. अमेरिकेत हाच धंदा इंटरनेटवर गेला. त्याची गोष्ट आज सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण ‘अ‍ॅप काढायचंय’ म्हणून माझ्याकडे येतात.

जेनिफर हायमनच्या बहिणीने एका लग्नासाठी ऐपतीबाहेरचा ड्रेस घेतला. त्यावरून हायमनला कल्पना सुचली. हार्वर्डमधली मैत्रीण जेनिफर फ्लाइसला सोबत घेऊन तिने २००९ मध्ये ‘रेंट द रनवे’ सुरू केली. नामवंत डिझायनरचा ड्रेस थोड्या पैशांत काही दिवस वापरायचा आणि परत करायचा. २०१६ मध्ये मासिक वर्गणीत हवे तितके कपडे बदलून घेण्याची सोय आली. २०१९ मध्ये कंपनीचं मूल्य १ अब्ज डॉलर ठरलं.

त्याच वर्षी गोदामाची यंत्रणा बदलताना घोळ झाला. ऐन समारंभाला ड्रेस पोहोचेनात. काही दिवस नवे ग्राहक घेणंच थांबवावं लागलं. २०२० मध्ये कोरोना आला. लग्नं नाहीत, ऑफिस नाही, मग ड्रेस कशाला? कंपनीने आपली दुकानं कायमची बंद केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये शेअर २१ डॉलरला बाजारात आला. पुढे भाव इतका घसरला की २०२४ मध्ये २० शेअरांचा १ करावा लागला. २०२५ मध्ये कर्जाचा मोठा भाग मिटवण्यासाठी देणेकऱ्यांना मालकीत वाटा द्यावा लागला.

कल्पना खोटी नव्हती. ग्राहकांना सेवा आवडत होती. मग अडलं कुठे?

मी सॉफ्टवेअर लिहितो. एकदा लिहिलेला प्रोग्राम दहा जणांनी वापरला काय आणि दहा लाखांनी काय, खर्च फारसा वाढत नाही. ड्रेसचं तसं नाही. प्रत्येक फेरीला जाण्यायेण्याचं भाडं, धुलाई, इस्त्री, सुटलेली शिवण. ग्राहक वाढले की हा खर्चही वाढतो. शिवाय कपडे आधी विकत घ्यावे लागतात, कमाई नंतर. मधलं अंतर कर्जाने भरलं, तर धंदा मंदावला तरी हप्ता थांबत नाही.

म्हणून अ‍ॅप काढण्याआधी आपल्या शेरवानीवाल्याजवळ तासभर बसा. एका कपड्याच्या एका फेरीत हातात किती उरतं, ते विचारा. तो आकडा तुमच्या वहीत जमेच्या बाजूला नसेल, तर घरच्यांची बचत त्यात घालू नका.