तिकीट कुणाच्या हातात?

(परळ येथे महिला मंडळे आणि बचतगटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय 'स्वस्तात प्रवास कसा करावा' असा आहे हे कळल्यावर एका कार्यकर्तीनं मला विचारलं, "ताई, आपण ट्रॅव्हल कंपनी काढतोय की काय?" मी म्हटलं, नाही गं. पण पोटगी, वारसाहक्क, मारहाण यांवर आपण इतकं बोलतो. या प्रत्येक कामासाठी बाईला कुठंतरी पोचावं लागतं. तिच्या भाड्याचं काय, हे आपण कधी बोललो?

लालबागमधल्या एका बाईचं सांगते. माहेर कुडाळ तालुक्यातलं. वडील गेले. भावांचा निरोप आला, "गणपतीत ये आणि हक्कसोडपत्रावर सही करून जा." तिला आधी जाऊन सातबारा बघायचा होता, तलाठ्याला भेटायचं होतं. नवरा म्हणाला, "दोनदा भाडं कोण भरणार?" झालं. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. तो हक्क एका तिकिटावर अडला.

आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. 17 मार्च 2023 पासून एसटीत राज्याच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट आहे. साध्या लाल गाडीत आणि शिवनेरीतही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत. म्हणजे ती आणि तिची म्हातारी आई, दोघींचं मिळून अर्धंच तिकीट! ती श्रावणात, गर्दीच्या आधी जाऊन आली. सातबाऱ्याचा उतारा आणला. गणपतीत गेली ती मोदक खायला. सही केली नाही.

आता खाजगी बसबद्दल. गणपतीत आणि मे महिन्यात दादर-परळहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे दर कसे चढतात ते तुम्हाला मी काय सांगू! पण राज्य सरकारनं एप्रिल 2018 मध्ये ठरवून दिलं आहे की तशाच एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं खाजगी बसनं घ्यायचं नाही. आधी एसटीचं भाडं विचारा, दीडपट करा, मगच खाजगीवाल्याशी बोला. जास्त मागितलं तर पावती घ्या आणि आरटीओकडे लेखी तक्रार द्या. एकटीची तक्रार फाईलमध्ये पडते, वीस जणींची टेबलावर येते. आणि चाळीतल्या सगळ्यांनाच जायचं असेल तर मंडळानं मिळून आख्खी एसटी आरक्षित करावी.

रेल्वेत पंचेचाळिशीनंतर एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. आरक्षण करताना तो मागून घ्यावा लागतो. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस मध्यरात्री बारानंतर सुटते. शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. या एका गोष्टीनं कितीतरी जणींची गाडी चुकली आहे. 58 वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये ती काढून घेतली. हा मुद्दा आपल्या मागण्यांच्या यादीत हवा.

विमान म्हटलं की तुम्ही हसता. पण लेक बंगलोरला बाळंत होते तेव्हा कुणीतरी जायचंच असतं. विमानाचं भाडं ठरलेलं नसतं. जागा भरतील तसं वाढतं. म्हणून लवकर काढा, मंगळवार-बुधवारचे दर बघा, पहाटेच्या गाडीसारखं पहाटेचं विमानही बघा. मात्र पहाटे विमानतळावर पोचायला टॅक्सी किती घेईल तेही त्यात धरा. जाहिरातीतली रक्कम बघू नका, शेवटची बघा. मधल्या खुणा काढून टाका: विमा, जेवण, आवडीची जागा. जागा विकत घेतली नाही तरी बसायला जागा मिळतेच.

आणि नाव! तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आधारवर माहेरचं, पॅनवर सासरचं, तिकिटावर नवऱ्यानं घरात हाक मारतो ते. हा घोळ पुरुषांच्या वाट्याला येत नाही. तिकीट दुसऱ्यानं काढलं तरी नाव स्वतः वाचा.

मी स्वतः फसले ते सांगते. मावशी अत्यवस्थ म्हणून नागपूरचं तिकीट काढलं, ऐनवेळी जाणं रद्द झालं. एजंट म्हणाला, "यातलं काही परत मिळत नाही." मी गप्प बसले. पुढे कळलं की तिकीट कितीही स्वस्त असलं तरी त्यातला सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं, तसा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मला नियम माहीत नव्हता, एजंटला होता. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक तेव्हाच हाताशी असता तर!

शेवटी भाड्याची गाडी. जेजुरी, कोल्हापूर, कोर्टाची तारीख, कशासाठीही सहा-सात जणी मिळून गाडी करतात. प्रश्न आधी विचारा. किलोमीटर मालकाच्या गॅरेजपासून मोजणार की आपल्या दारापासून? दिवसाला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लावणार? टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता कुणाचा? उत्तरं कागदावर घ्या. नंबरप्लेट बघा: पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन मंडळातल्या, मागे राहिलेल्या एकीकडे असू द्या.

मैत्रिणींनो, यात वाचतात ते चार पैसे महत्त्वाचे आहेतच. पण घरोघरी "परवडत नाही" हे वाक्य कधी खरं असतं आणि कधी नुसतं अडवण्यासाठी असतं. खरं भाडं आपल्याला माहीत असलं की दोन्हींतला फरक कळतो. म्हणून प्रत्येक मंडळानं भिशीसारखी एक प्रवासपेटी सुरू करावी. महिन्याला थोडे थोडे टाकावेत, आणि जिला कोर्टात, माहेरी, दवाखान्यात जायचं असेल तिला त्यातून भाडं द्यावं. तिनं कुणाकडे हात पसरायची वेळ येऊ नये.

त्या लालबागच्या बाईचा फेरफाराचा अर्ज आता दाखल झाला आहे. पुढच्या खेपेला तिच्याबरोबर कोण जाणार, तेवढं आज ठरवून उठू या.